दर वर्षी नवे यंत्र, तोच संघ
आपल्या रोबोटिक्स संघाची वाटचाल

महाविद्यालयातल्या नाट्यमंडळाचा इतिहास करंडकांवरून लिहिता येतो, क्रिकेट संघाचा धावफलकांवरून. आपल्या रोबोटिक्स संघाचा इतिहास लिहायला बसले, की असे हाती फारसे काही लागत नाही. ज्या यंत्रांनी मैदान गाजवले आणि ज्यांनी मैदानात मान टाकली, ती सगळी केव्हाच सुटी झाली. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या पुढच्या वर्षीच्या यंत्रात गेल्या, मोटरी त्याच्या पुढच्या वर्षी कामी आल्या आणि उरलेले भंगारात गेले. यात कुणाची हलगर्जी नाही, रोबोकॉन स्पर्धेचा स्वभावच तसा आहे. तिचा खेळ दर वर्षी बदलतो. एका वर्षी मनोरे रचायचे, दुसऱ्या वर्षी बॅडमिंटन खेळायचे, तिसऱ्या वर्षी चार पायांवर चालायचे. गेल्या वर्षीचे अजिंक्य यंत्र यंदा अडगळ ठरते. मग बारा महिन्यांत यंत्र मोडीत निघत असताना संघ इतकी वर्षे टिकला तो कशावर, हे या लेखात नोंदवून ठेवायचे आहे.

स्पर्धा आपल्यापर्यंत आली कशी

या स्पर्धेचे मूळ जपानमध्ये आहे. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी विद्यार्थ्यांना हाताने यंत्र घडवायला लावून त्यांची आपसांत स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. अभियंत्याला सूत्रे पाठ असून भागत नाही, वस्तू करून पाहावी लागते, हा त्यामागचा विचार. पुढे एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये त्या कल्पनेला दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेचे रूप दिले. २००२ मध्ये आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजेच एबीयू, या प्रसारण संस्थांच्या संघटनेने तिला आंतरराष्ट्रीय केले. पहिली स्पर्धा तोक्योत झाली. विषय होता फुजी पर्वताचा माथा गाठण्याचा, आणि यजमान जपानला मागे टाकून व्हिएतनामच्या विद्यार्थ्यांनी ती जिंकली.

भारतात ही जबाबदारी दूरदर्शनकडे आली. देशातून एक संघ निवडण्यासाठी राष्ट्रीय फेरी होऊ लागली आणि अनेक वर्षे ती पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात रंगत राहिली. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. आयआयटीवाल्यांचा खेळ म्हणून जो लांबून पाहिला असता, तो एसटीने जाऊन पाहता येईल इतका जवळ आला. आपल्या पहिल्या मुलांनीही तो आधी प्रेक्षागृहात बसूनच पाहिला.

गोविंदाचे वर्ष

संघाची सुरुवात झाली ती २००७-०८ या शैक्षणिक वर्षात. २००८ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद भारताकडे आले होते आणि ती पुण्यात होणार होती. यजमान देश आपल्या संस्कृतीतला विषय देतो असा प्रघात आहे. भारताने दिलेला विषय होता ‘गोविंदा’. उंचावर टांगलेल्या लोण्यापर्यंत यंत्राने पोहोचायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या आधी ते काढून आणायचे. जपान, चीन, थायलंड, इजिप्त इथले विद्यार्थी दहीहंडी म्हणजे काय हे समजून घेत होते. आपल्या मुलांना ते समजावून सांगावे लागले नाही. थर लावण्यापेक्षा थर पेलणे अवघड असते, हे त्यांतल्या निम्म्यांना स्वतःच्या खांद्यावरून माहीत होते. सूचना फलकावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी लागली आणि यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक अशा चारही विभागांतली मुले जमली.

सुरुवात शून्यातून होती. रोबोटिक्स हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. स्वतंत्र खोली नव्हती, अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. यंत्र विभागातल्या सरांनी मार्गदर्शक व्हायचे मान्य केले, तेही एका अटीवर. टर्मवर्क आणि सबमिशन वेळेवर झाले पाहिजे, ‘रोबोटमुळे राहिले’ हे कारण चालणार नाही. ही अट आजही लागू आहे. संघाला कार्यशाळेतला एक कोपरा मिळाला, तोही तासिका संपल्यावर. कार्यशाळेतले मामा मात्र पहिल्या दिवसापासून संघाचेच होते. आयटीआय करून आलेल्या या माणसाने मुलांना नळी सरळ कापायला, भोक पाडण्याआधी पंच मारायला आणि टॅप तिरका गेला तर बळ न लावता उलटा फिरवून काढायला शिकवले. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात येऊनही कानस धरता न येणारी मुले त्या कोपऱ्यात हळूहळू कारागीर झाली.

पैसा वर्गणीतून आला. थोडी रक्कम विद्यार्थी कल्याण निधीतून मिळाली. एमआयडीसीतल्या एका लघुउद्योजकाने रोख मदत देण्याऐवजी आपल्या कारखान्यातले उरलेले ॲल्युमिनियमचे तुकडे न्यायची मुभा दिली आणि ती रोख मदतीपेक्षा अधिक उपयोगी पडली. खरेदी दोन ठिकाणी होई. इलेक्ट्रॉनिक्सचा माल पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळे. मोटरी, गिअर, साखळ्या बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. तिथे न मिळाले तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

पहिल्या यंत्राने शिकवलेले धडे

त्या वर्षीच्या यंत्राला मोटारगाडीच्या वायपरच्या मोटरी होत्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक संघांचा श्रीगणेशा याच मोटरींनी झालेला आहे. त्या भंगारात स्वस्त मिळतात, बारा व्होल्टवर चालतात, त्यांना दणकट जोर असतो आणि आतल्या वर्म गिअरमुळे वीज बंद झाली तरी यंत्र आहे तिथे उभे राहते. पण त्यांची एक खोड आहे. गाडीत ही मोटर एकाच दिशेने फिरत राहते, म्हणून तिची आतली रचनाही त्या दिशेला अनुकूल केलेली असते आणि उलट दिशेला तिचा वेग वेगळा पडतो. यंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना त्या समोरासमोर बसवल्या, की एक सुलट फिरते तर दुसरी उलट, आणि यंत्र सरळ जायचे सोडून एका अंगाला ओढत जाते. मुलांनी चाके बदलली, चौकट पुन्हा जुळवली, बॅटरीला दोष दिला. कारण सापडले ते विद्युत विभागातल्या मॅडमनी दोन्ही मोटरींचे फेरे मोजायला लावले तेव्हा. त्या दिवसापासून संघात नियम झाला, की तर्क लढवण्याआधी मोजायचे.

हवेच्या दाबावर चालणारे हात बसवले तेव्हा हवा साठवायची टाकी परवडत नव्हती. त्यावर देशभरातल्या संघांनी काढलेला तोडगा आपणही उचलला. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली मुळात वायूचा दाब सोसण्यासाठीच केलेली असते. तिच्या झाकणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि हवा भरायला मुले कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊ लागली. स्पर्धेत सहा बारपर्यंतच दाब चालतो. पंक्चरवाल्याला हा आकडा पाठ झाला होता. बाटलीवर ओरखडा दिसला तर ती भरायची नाही आणि भरताना चेहरा जवळ न्यायचा नाही, हे दोन नियम मामांनी घातले.

राष्ट्रीय फेरीत आपण पहिल्याच टप्प्यात बाहेर पडलो. मैदानावरच्या पांढऱ्या रेषा ओळखून चालणारे स्वयंचलित यंत्र कार्यशाळेत बिनचूक चालत होते. बालेवाडीत चित्रीकरणाचे प्रखर दिवे लागले आणि ते भरकटले. त्याचे डोळे अवरक्त किरणांवर चालणारे होते आणि असल्या दिव्यांच्या प्रकाशात ते किरण भरपूर असतात. ट्यूबलाइटखाली बेतलेली मापे तिथे निकामी ठरली. शेजारच्या संघाने आपल्या यंत्राच्या पोटाखाली काळ्या कागदाची झालर लावलेली होती. तिचे कारण आपल्या मुलांना तेव्हा उमगले. स्पर्धेत प्रतिस्पर्धी असलेल्या त्याच मुलांनी नंतर बसून आपल्याला सगळे समजावून सांगितले. या क्षेत्रातली ही पद्धत संघाने पुढे कधी मोडली नाही. आपल्याकडे विचारायला आलेल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या मुलांना आकृत्या दाखवल्या जातात.

वही, किल्ली आणि दुसरे वर्ष

पहिला संघ बहुतांशी शेवटच्या वर्षाच्या मुलांचा होता. परीक्षा संपल्या, मुले नोकरीला लागली आणि संघाकडे उरली ती एक चौकट आणि कुणालाही न कळणारी तारांची गुंतवळ. कोणती तार कशाची, कोणत्या दुकानातून काय आणले, कोणता प्रोग्रॅम अखेरचा, हे सगळे गेलेल्या मुलांच्या डोक्यात होते. २००९ च्या स्पर्धेची तयारी त्यामुळे जवळजवळ नव्याने करावी लागली. अनेक महाविद्यालयांचे संघ नेमके इथेच संपतात. एक हुशार तुकडी येते, दोन वर्षे धडाका लावते आणि जाताना सगळे ज्ञान बरोबर घेऊन जाते.

आपला संघ टिकला, कारण त्या वर्षी मार्गदर्शक सरांनी तीन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, वही. मोठ्या हिशेबाच्या वहीत रोज काय केले, काय मोडले आणि का मोडले हे लिहायचे. नुसते ‘मोटर जळाली’ चालत नाही. किती व्होल्टवर, कशाला जोडलेली असताना, हेही हवे. रिलेच्या ठिणगीने मायक्रोकंट्रोलर मधूनच नव्याने सुरू होतो, म्हणून मोटरींची आणि मेंदूची बॅटरी वेगळी ठेवावी, ही नोंद पहिल्या वहीत आहे आणि ती वाचल्यामुळे पुढच्या कित्येक तुकड्यांची रात्र वाचली आहे. दुसरी गोष्ट, दुसऱ्या वर्षाची मुले. संघात निम्मी मुले दुसऱ्या वर्षाची असलीच पाहिजेत आणि त्यांना निव्वळ हमाली न देता यंत्राचा एक भाग पूर्णपणे त्यांच्या ताब्यात दिला पाहिजे. तिसरी, किल्ली. कार्यशाळेची किल्ली तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे राहील. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सल्ला देतील, मैदानातही उतरतील, पण कुलूप उघडायला पुढच्या वर्षीही इथे असणारा माणूस हवा.

या तिन्ही गोष्टींना खर्च जवळपास नव्हता. नवीन संघ काढू पाहणारे आजही आधी कोणती मोटर घ्यावी हे विचारतात. त्यांना आपली मुले वही दाखवतात.

खेळ बदलत गेला, संघही

२०१० मध्ये कैरोच्या स्पर्धेसाठी पिरॅमिड रचायचे होते. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. या वेळी विषय होता पालकत्वाला वंदन. पालक यंत्राने बाल यंत्राला घेऊन सी-सॉ, झोका, खांबांवरची चाल आणि जंगल जिम असे बागेतले खेळ खेळायचे होते. व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली. हे हो ची मिन्ह शहराजवळच्या बिएन होआ इथले खासगी विद्यापीठ. राजधानीतली नामांकित संस्था नसतानाही शिस्तीने सराव करून अजिंक्यपद मिळवता येते, हे आपल्या मुलांनी बालेवाडीच्या गॅलरीत बसून पाहिले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या संघाला त्याचे मोल मोठे होते. त्यांच्या यंत्रांपेक्षा त्यांचा सराव मुलांच्या लक्षात राहिला. यंत्र वेळेआधी पूर्ण करायचे आणि उरलेले दिवस निव्वळ खेळत राहायचे. त्यानंतर आपल्याही वेळापत्रकात यंत्र पुरे करण्याची तारीख आणि स्पर्धेची तारीख यांत मोठे अंतर ठेवले जाऊ लागले.

२०१५ चा विषय इंडोनेशियाचा होता, यंत्रांचे दुहेरी बॅडमिंटन. २०१६ मध्ये थायलंडने दिलेला खेळ आजवरच्या सर्वांत चतुर विषयांपैकी एक म्हणावा लागेल. दोन यंत्रांपैकी एकाला पुढे जाण्यासाठी स्वतःची मोटरच नव्हती. त्याने फक्त वळायचे, ढकलण्याचा जोर दुसऱ्या यंत्राने लांबून द्यायचा. अनेक संघांनी वाऱ्याचा झोत वापरला. आपल्या मुलांनी दिवाळीची सुट्टी पंखे आणि थर्माकोल यांत घालवली. २०१८ मध्ये व्हिएतनामचा शेपटीवाला चेंडू कड्यातून फेकायचा होता, तर २०१९ मध्ये मंगोलियाच्या जुन्या घोडेस्वार टपालसेवेवरून चार पायांवर चालणारे यंत्र मागितले गेले. चाकांची सवय झालेल्या संघाला तोल म्हणजे काय हे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. त्या वर्षी मुले घोड्याच्या चालीच्या चित्रफिती पाहत आणि तबेल्यातही जाऊन बसत.

या दशकात सामानही बदलले. वायपर मोटरींच्या जागी एन्कोडर लावलेल्या गिअर मोटरी आल्या, कोणत्याही दिशेला सरकणारी ऑम्नी चाके आली. आठ बिटच्या मायक्रोकंट्रोलरवरून संघ बत्तीस बिटवर गेला. लिथियम पॉलिमर बॅटरी आल्या आणि त्यांच्याबरोबर कार्यशाळेत वाळूची बादली आली. ही बॅटरी चार्ज होत असताना माणसाने समोर बसायचेच, हा नियम लाल अक्षरांत भिंतीवर आहे.

मुली संघात आल्या तेव्हाचा निर्णय वेगळा नोंदवायला हवा. वसतिगृहाच्या वेळेमुळे मुलींना रात्री कार्यशाळेत थांबता येत नसे आणि संघाचे निम्मे काम रात्रीच चाले. मुलींना सूट द्यावी की कामाची वेळ बदलावी, असा प्रश्न आला. संघाने वेळ बदलली. रात्री नऊनंतर कार्यशाळा बंद, त्याऐवजी सकाळी तासिकांपूर्वी काम. सुरुवातीला मुलांनी कुरकुर केली. पण जांभया देत केलेल्या सोल्डरिंगमुळे होणारे घोटाळे कमी झाले, हे वहीतच दिसू लागले आणि कुरकुर थांबली. पुढे मुलींनी संघाचे नेतृत्व केले. सर्किटचे आराखडे नीट, नावानिशी ठेवण्याची शिस्त त्यांच्याच काळातली.

बंद कार्यशाळा आणि लगोरी

२०२० ची स्पर्धा फिजीत, सुवा इथे होणार होती. विषय होता रग्बी. चेंडूला लाथ मारणारे यंत्र तयार होत असतानाच कोरोनाची टाळेबंदी लागली आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. मुले घरी गेली, कार्यशाळेला कुलूप लागले. यंत्र बनवणारी एक पूर्ण तुकडी मैदान न पाहता पदवीधर झाली. संघ इथे सहज संपला असता. हाताने काम शिकवायचे तर हात एकत्र हवेत आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी तर कार्यशाळा पाहिलीही नव्हती. त्या काळात जुन्या वह्यांची पाने मोबाइलवर काढून एकमेकांना पाठवली गेली. माजी विद्यार्थ्यांनी संध्याकाळी ऑनलाइन वर्ग घेतले. काहींनी मायक्रोकंट्रोलरचे संच टपालाने मुलांच्या गावी पाठवले. कार्यशाळा उघडली तेव्हा मुलांना कानस धरता येत नव्हती, पण प्रोग्रॅम लिहिता येत होता.

पुन्हा मैदान मिळाले ते २०२२ मध्ये, आणि विषय होता लगोरी. यजमान भारत होता, आंतरराष्ट्रीय स्पर्धा नवी दिल्लीची. पाच चकत्यांची लगोरी चेंडूने फोडायची, पुन्हा रचायची आणि रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावरचा चेंडू प्रतिस्पर्ध्याने उडवायचा. नियमपुस्तक वाचून झाल्यावर मुलांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मैदानावर जाऊन फरशीच्या तुकड्यांची लगोरी मांडून ती खेळली. मामा निवृत्त झाले होते. ते मुद्दाम आले आणि नेम कसा धरायचा यावर तावातावाने बोलले. चकती कोणत्या कोनात आदळली की रास विखुरते, हे मुलांनी त्यांच्याकडून ऐकले आणि मग गणित मांडून पडताळले.

आजचा संघ

दरम्यानच्या काळात राष्ट्रीय फेरी दिल्लीत, आयआयटी दिल्लीच्या यजमानपदाखाली होऊ लागली होती. प्रवास लांबला, खर्च वाढला. यंत्र सुटे करून रेल्वेने न्यायचे आणि तिथे पुन्हा जोडायचे, म्हणून प्रत्येक भागाला क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. २०२४ मध्ये व्हिएतनामचा विषय भातशेतीचा होता. रोपे लावायची, दाणे गोळा करायचे आणि रंग पाहून भरलेले दाणे व पोकळ दाणे वेगळे करायचे. दोनपैकी एका यंत्राने आपल्या वाट्याचे काम माणसाच्या मदतीविना करायचे होते. शेतकऱ्यांच्या घरची मुले संघात बरीच आहेत. विषय वाचून ती हसली आणि कॅमेऱ्याला रंग ओळखायला शिकवताना रडकुंडीला आली. २०२५ मध्ये मंगोलियाच्या स्पर्धेसाठी यंत्रांना बास्केटबॉल खेळावे लागले.

दर वर्षी नियमपुस्तक येते. त्याच सुमारास खंडेनवमी असते. त्या दिवशी लेथ, ड्रिल, सोल्डरिंग गन आणि वह्या यांची एकत्र पूजा होते आणि नव्या मुलांना जुन्या वहीतले एक पान वाचायला दिले जाते. तिथून वर्ष सुरू होते. आपल्याला मिळालेल्या बक्षिसांची यादी या स्मरणिकेत अन्यत्र आहे. ती फार लांब नाही. पण संघातून बाहेर पडलेली मुले आज वाहन उद्योगात, स्वयंचलन क्षेत्रात, अध्यापनात आणि स्वतःच्या कार्यशाळांत आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी आपापल्या गावच्या शाळांत मुलांना मोटर फिरवून दाखवली आहे.

माजी सदस्यांना एक विनंती करून हा आढावा पुरा करतो. २००९ ते २०१२ या काळातल्या काही वह्या मिळत नाहीत. कुणाच्या घरी माळ्यावर, जुन्या पेटीत किंवा बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये त्या वर्षांच्या नोंदी, आकृत्या किंवा प्रोग्रॅम असतील, तर ते कार्यशाळेकडे पाठवावेत. यंत्र चालले नसले तरी त्याची नोंद हवी आहे. ते का चालले नाही, हे पुढच्या मुलांना कळले पाहिजे.